पाठमोरी आई

आईला मुकुटबनहून यवतमाळला माझ्याकडे आणलं तेव्हा तिला गावातली विहीर आठवत होती, शेजारीण आठवत होती. फक्त मीच गळालो होतो. ‘‘तुमी कोनाचे जी?’’ असं पन्नाशीच्या मुलाला आईनंच विचारलं तर त्यानं काय सांगावं?

मी चित्रकार. माणसाचं अंग काढायचं आणि अर्ध्यावर ते नुसत्या रंगात सोडून द्यायचं, हा माझा उद्योग. नातेवाईक त्याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणतात. आई ताळ्यावर होती तेव्हा तिची एवढीच तक्रार असे, ‘‘मानूस पुरा काहून नाही काढत रे?’’

डॉक्टरांनी हात टेकले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी ब्रश. तिला तिचंच चित्र दाखवायचं ठरवलं: कापूस वेचायला वाकलेली, कमरेला ओटी बांधलेली. ते बघून तिला शेत आठवेल, शेतावरून मी आठवेन, असा माझा वेडा हिशोब. पाठ जमली, कापसानं फुगलेली ओटी जमली. जरा वळलेलं तोंड काही जमेना. कितीही काढलं तरी कुणी परकी बाईच व्हायची. शेवटी चिडून मी डोकं, खांदे, हात सगळं शेंदरी रंगात बुडवून टाकलं. आणि तेच आईसारखं दिसायला लागलं. मी मूर्खासारखा खूश झालो.

सकाळी बघतो तर आई चित्रापुढे उभी, डोक्यावर पदर, हातात देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा. ओल्या रंगावर तिनं बोट टेकवलेलं होतं. आमच्याकडे बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला कुठं नाकडोळे असतात? तिला ती देवीच वाटली. मला आधी हसू आलं. मग ती हात जोडून बोलायला लागली.

‘‘माहा पोरगा शयरात गेलता, आलाच नाही. त्याले घरी आन वं माय.’’

‘‘आई, मीच तो. हा काय, इथंच आहे,’’ मी जवळजवळ ओरडलोच.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया आली असावी. ती सरकली, शेजारी जागा केली.

‘‘तुमचंबी कोनी हरपलं काय जी? या, मांगा. देते थे माय.’’

मी हात जोडले आणि आई मागितली.