सरळ केलेली करंगळी

कार्डिफच्या हॉस्पिटलात तो माझ्याकडे आला तेव्हा पासष्टीचा होता. रिटायर्ड बस ड्रायव्हर. उजव्या हाताची करंगळी तळव्याकडे वाकून आखडलेली. हा आजार इथे बराच दिसतो. तपासणी साधी असते: हात टेबलावर पालथा ठेवायचा, सपाट टेकला नाही तर ऑपरेशनचा विचार करायचा. त्याचा टेकला नाही.

"ग्लव्ह घालता येत नाही," तो म्हणाला. "तोंड धुताना बोट डोळ्यात जातं." मग लगेच, "पण मी गिटार वाजवतो, डॉक्टर. नंतर वाजवता येईल ना?"

"आधीपेक्षा छान," मी म्हटलं.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण हाताच्या सर्जनला हातातलं सगळंच कळतं, असा एक माज असतो आमच्यात. गिटार घेऊन या, एकदा वाजवून दाखवा, एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

ऑपरेशन झकास झालं. बोट इतकं सरळ झालं की मी ज्युनिअर्सना फोटो दाखवले.

चार महिन्यांनी तो फॉलो-अपला आला. "बोट एकदम मस्त आहे," म्हणाला, "फक्त तो आवाज येत नाही." आणि फोनवर जुने व्हिडिओ दाखवू लागला. कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची गिटार तो स्वतःच शिकलेला, डेपोत दोन फेऱ्यांच्या मध्ये कॅसेट ऐकून. बोट आखडू लागलं तेव्हा त्यानं त्याच बोटाचा आकडा केला आणि सगळ्यात बारीक तार खालून उचलायला लागला. ठेक्याच्या किंचित आधी खणकन वाजायची ती. त्या एका खणक्यावर तो गावच्या क्लबातून वेल्सभरच्या स्टेजवर गेला. वादक पुढच्या रांगेत बसून त्याचा हात बघायचे. काहींनी तर आपली धडधाकट करंगळी चिकटपट्टीनं वाकवून बांधली होती. लोक मुद्दाम शिकत होते तो आजार मी बरा करून टाकला होता. करायला गेले गणपती, झाला मारुती.

"मुद्दाम वाकवून बघा," मी म्हटलं.

"वाकवतो ना. तोवर ठेका पुढे गेलेला असतो."

घरी नवऱ्याला सांगितलं. तोही डॉक्टर. "अगं, क्लिनिकली तुझं काहीच चुकलेलं नाही. आउटकम एक्सलंट आहे. कन्सेंट फॉर्म पण साइन केलाय त्यानं." मला त्याचा भयंकर राग आला, कारण त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

नोव्हेंबरात त्या पेशंटनं मला क्लबात बोलावलं. माफी मागायचीच, असं ठरवून गेले. स्टेजवर तिघं वाजवत होते, तिघांच्याही करंगळ्या वाकलेल्या, आणि व्हिडिओत ऐकलेला तोच खणका. तो माझ्या शेजारी बसून ऐकत होता. त्यानं गिटार आणलीच नव्हती.

"सगळे माझ्यासारखं वाजवतात आता," तो म्हणाला. "मी सोडून."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गाणं संपलं. तो उठला आणि माझ्याकडे हात करून त्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं, "माझा हात बरा केला तो ह्या डॉक्टरांनी!" त्यात टोमणा नव्हता, मी त्याचा चेहरा नीट पाहिला. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. आणि मी उभी राहिले, हसले, थँक यू म्हणाले.