माडसाबांचे नादार

आमच्या बोर्डिंगातले दोघे जण कुठेही भेटले, लग्नात, मयतीत, कोर्टाच्या पायरीवर, की आधी गुडघ्यांची चौकशी होते आणि मग माडसाब निघतातच. मी एक किस्सा सांगितला की समोरचा म्हणतो, "हे तं काहीच नाही," आणि दुसरा काढतो. माडसाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण किस्से वाढतच आहेत. मला तर शंका आहे की काही आम्ही त्यांच्यामागे तयारही केले असतील! खाली लिहितोय ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालेले, किंवा लगेच कानावर आलेले.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातला पोरगा मराठी शाळा संपली की सरळ औतामागे जायचा. एखाद्याला शिकायचं वेड असलंच तर त्याची रवानगी बुलढाण्याला, माडसाबांकडे. माडसाब म्हणजे रिटायर झालेले मास्तर. पांढरी भरघोस मिशी, इस्त्रीचं धोतर आणि टिनाच्या दोन खोल्यांचं बोर्डिंग. मॅट्रिकला आपटलेली, इंग्रजीच्या नावानं घाम फुटणारी, घरी फीची सोय नसलेली पोरं गोळा करायची आणि त्यांना अमरावतीच्या कॉलेजात नेऊन बसवायचं, हा त्यांचा एकमेव छंद.

माडसाब पोरांना गावाच्या नावानं हाक मारायचे. मी देऊळघाट. वडनेर भोलजीचा होता तो नुसता वडनेर. त्याचं खरं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेत कळलं. रोहिणखेडचा किसन मात्र किसनच राहिला. तो दोनदा मॅट्रिक नापास होऊन आला होता आणि माडसाबांचं म्हणणं, "गावाची बदनामी काऊन करा?"

किसनच्या वडिलांनी त्याला बजावून पाठवलं होतं, "औंदा पास झाला तं कॉलेज. नाहीतर वखर."

*

बोर्डिंग चालायचं मुठीवर. बुलढाण्यातल्या बायका दळणाची ज्वारी काढताना रोज एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायच्या आणि रविवारी आम्ही घरोघरी पिशव्या घेऊन ती जमा करायचो.

किसनच्या घरी जमीन थोडी आणि मान मोठा. मागायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या रविवारी तो रिकाम्या पिशवीनं परत आला. "बाया घरी नव्हत्या," म्हणाला. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी माडसाबांनी त्याला समोर उभं केलं.

"काऊन बे, साऱ्या गल्लीतल्या बाया दर ऐतवारी गावाले जातात?"

किसन खाली बघत म्हणाला, "घरीच असतात, माडसाब. त्या इचारतात काय पायजे, अन् माह्या तोंडातून 'पानी द्या' येवढंच निंघते."

पठ्ठ्या अकरा घरचं पाणी पिऊन आला होता!

पुढच्या रविवारी माडसाब स्वतः त्याच्याबरोबर गेले. पहिल्याच दारात उभे राहून म्हणाले, "बाई, ह्याले तहान नाही, भूक हाय. पन हा सांगनार नाही."

त्यानंतर किसन गल्लीत दिसला की बायका स्वतःच तांब्या आणि सूप दोन्ही घेऊन बाहेर यायच्या. पाणी प्यायल्याशिवाय त्याला कोणी ज्वारी दिली नाही.

*

इंग्रजी आम्हाला वाचता यायचं, लिहिताही यायचं, पण बोलायची वेळ आली की दातखीळ. एक बोलला की बाकीचे हसायचे, म्हणून कोणीच बोलत नसे.

माडसाबांनी उपाय काढला. बोर्डिंगामागे एका गवळ्याचा गोठा होता. "जा, म्हशीसंग बोला. ते हासत नाही."

आम्ही दोन दिवस गेलो आणि कंटाळलो. किसन रोज सकाळी जायचा. तिच्यासमोर बसून आधी धडा म्हणायचा, मग रजेचा अर्ज म्हणून दाखवायचा, "आय बेग टू स्टेट दॅट..." म्हैस रवंथ करत ऐकायची. रजा काही मंजूर झाली नाही, पण महिन्याभरात किसनची जीभ मोकळी झाली.

एक दिवस गवळी तणतणत आला. "माडसाब, तुमच्या पोट्ट्यानं माही म्हैस बिघडवली. मी हाक मारतो तं ढुंकून पायत नाही. हा आला की कान टवकारते."

माडसाब शांतपणे म्हणाले, "तिले बी शिकायचं असन. पाठवून दे. मी फी घेत नाही."

*

किसन दोनदा नापास झाला कसा, हे माडसाबांना कोडंच होतं. गणित तर त्याचं आमच्यात सगळ्यांत पक्कं. शेवटी त्यांनी त्याला घड्याळ लावून जुना पेपर सोडवायला बसवलं. पहिल्या भागात दहा गणितं होती आणि वर लिहिलं होतं, 'कोणतीही सहा सोडवा.' वेळ संपली तेव्हा किसन नवव्या गणितावर होता आणि पेपरचा दुसरा भाग पुरता कोरा.

"सहा सांगतले ना बे? दहाच्या मागं काऊन लागला?"

किसनला प्रश्नच कळेना. म्हणाला, "माडसाब, अर्धं वावर वखरून कोनी घरी येते का?"

आम्ही हसलो. माडसाब हसले नाहीत. त्यांनी मिशी चोळली आणि त्याला जवळ घेऊन म्हणाले, "किसन, हे वावर आपलं नाही. आपन मजुरीनं लागलो. मालकानं कपाशीच्या सहा ओळी डवर म्हटलं तं सहाच डवराच्या. सातवी डवरली तं तो मजुरी बी देत नाही, अन् वरून म्हनते माह्या पऱ्हाटीले हात काऊन लावला."

किसनच्या चेहऱ्यावर तेव्हा जो उजेड पडला तो मला अजून दिसतो. दोन वर्षं कोणी त्याला इतकं सोपं सांगितलंच नव्हतं.

निकाल लागला. मी, वडनेर, किसन, तिघेही पास. वडनेर नाचायला लागला, मी रडायला लागलो. किसन माडसाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मजुरी भेटली, माडसाब."

*

पास होणं वेगळं आणि कॉलेजात बसणं वेगळं. फी माफ व्हायची तर नादारी लागायची, आणि नादारीसाठी तहसीलदाराचा दाखला, की ह्या पोराचा बाप खरोखर नादार आहे, त्याच्याजवळ काही नाही. माझा आणि वडनेरचा दाखला झाला. किसनच्या वडिलांना, तुकारामजींना, माडसाबांनी निरोप धाडला, 'सायबासमोर उभं राहा लागते. या.'

तुकारामजी आले. डोक्याला जरीचा फेटा, पायात करकरीत जोडे, बसायला दमणी आणि दमणीच्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. सगळी कचेरी व्हरांड्यात बघायला आली.

तहसीलदारसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि कागद बाजूला सारला. "मास्तर, असे नादार देव सगळ्यांना करो."

माडसाबांनी कपाळाला हात लावला. मग साहेबांसमोरच विचारलं, "तुकारामजी, हा फेटा कोनाचा?"

"जावयाचा."

"जोडे?"

"शेजाऱ्याचे."

"अन् दमनी? बैल?"

"पाटलाचे."

"मंग काऊन आनलं हे सारं?"

तुकारामजींना नवल वाटलं. "सायबापुढं फाटक्या धोतरानं उभं राहू? त्यायचा अपमान नाही होत?"

साहेबांनी विचारलं, "मग तुमचं स्वतःचं काय आणलंत?"

तुकारामजींनी थोडा विचार केला आणि दाराशी उभ्या असलेल्या किसनकडे बोट केलं. "हा पोट्टा. पन त्याले बी आता माडसाबच खाऊ घालतात."

साहेबांनी कागद परत ओढला आणि सही केली.

*

अमरावतीला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मुलाखतीला काळा कोट लागतो, असं कोणीतरी सांगितलं. बोर्डिंगात कोट एकच, माडसाबांच्या लग्नातला.

आधी मी गेलो. मी तेव्हा काडीपहिलवान. बोटंसुद्धा बाहीतून बाहेर येईनात. मग लिंबाच्या झाडामागे कोट उतरवून वडनेरला दिला. तो अंगानं आडवा. मधलं बटन त्यानं सगळी मुलाखत हातानं धरून ठेवलं. शेवटी किसन गेला. तो आत घाम पुसत उभा राहिला, तर साहेब त्याच्याकडे नाही, कोटाकडेच बघत राहिले.

आत काय झालं ते किसननं बाहेर येऊन सांगितलं. साहेब कारकुनाला म्हणाले, "ह्या कोटाची मुलाखत सकाळपासून तीनदा झाली. उत्तरं बरी देतो. आतला माणूस बदलतो, तेवढं चालवून घ्या."

तिघांनाही घेतलं!

*

कॉलेजात एक नियम होता. पहिल्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस जो हजेरीला सापडणार नाही त्याचं नाव कमी, आणि त्याची जागा नादारीसकट यादीतल्या पुढच्या पोराला. यादी लांब होती.

तिसऱ्याच दिवशी किसनला हिवताप भरला. तो दिवस गैरहजेरीत गेला. माडसाब आमची सोय लावायला आले होते आणि धर्मशाळेत उतरले होते. परतीची तयारी करून आमच्या खोलीवर निरोप घ्यायला आले, तर किसन घोंगडीत कुडकुडतोय आणि बडबडतोय, "माडसाब, माही जागा जाते." माडसाबांनी त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि मला विचारलं, "सकायचा तास किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो तर माडसाब शेवटच्या बाकावर येऊन बसलेले. मांडीवर कोरी वही. मी शेजारी बसलो. 

प्रोफेसर तरुण होते. हजेरी घेत घेत ते म्हणाले, "रोल नंबर एक्केचाळीस."

"प्रेझेंट, सर."

सगळा वर्ग मागे वळला. प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "किसन तुकाराम? तुम्ही?"

माडसाब उभे राहिले. "नाही, सर. तो तापानं फनफनून राह्यला. मी त्याचा मास्तर. जागा रिकामी दिसली तं जाईन, म्हनून मी बसलो."

"पण आजोबा, हजेरी विद्यार्थ्याची असते."

"हाव, सर. मी सारं लिहून घेतो. एक शब्द सुटनार नाही."

प्रोफेसरांनी रजिस्टरावर पेन टेकवलं. मग त्यांनी बेचाळीस नंबर पुकारला. एक्केचाळीसपुढे त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण किसनचं नाव कमी झालं नाही.

माडसाब चार दिवस आले. सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. आम्हा एवढ्या पोरांना त्यांनी कॉलेजात पाठवलं, पण स्वतः मॅट्रिक होऊन नोकरीला लागले ते लागलेच. कॉलेजचा वर्ग त्यांनी आतून पाहिला नव्हता. संध्याकाळी किसनच्या उशाशी बसून ते वही वाचून दाखवायचे आणि मध्येच थांबून स्वतःशी म्हणायचे, "हे भारी हाय बे." चार दिवसांत सगळा वर्ग त्यांना माडसाब म्हणायला लागला होता.

पाचव्या दिवशी किसनचा ताप उतरला. माडसाबांनी त्याला दंडाला धरून वर्गात आणलं, पहिल्या बाकावर बसवलं आणि वही त्याच्या हातात दिली. त्यांची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली होती. मला वाटलं, आता निघतील. ते मागे आले आणि माझ्या शेजारी बसले. "गाडीले टाइम हाय," म्हणाले.

हजेरी सुरू झाली. एक्केचाळीस आला. किसन बारीक आवाजात म्हणाला, "प्रेझेंट, सर." प्रोफेसरांनी मान वर करून त्याला नीट पाहून घेतलं आणि पुढे गेले. शेवटचा नंबर झाला. त्यांनी रजिस्टर मिटलं, खडू उचलला आणि थांबले. शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाले, "आणि माडसाब?"

माडसाबांनी धोतर सारखं केलं आणि उभे राहिले.

"प्रेझेंट, सर."