तिरप्या घरातली एनिड

एनिड थर्केटलच्या घरात राहायचं तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड हवा, असं इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या आमच्या गावात म्हणतात. मध्ययुगात लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं ते बांधलं. ओकच्या तुळया ओल्या असतानाच बसवल्या. वाळता वाळता त्या वाकल्या आणि वरच्या मजल्याची जमीन खिडकीपासून शेकोटीपर्यंत उतरत गेली. पळून चाललेली कुठलीशी राणी इथे एक रात्र राहिली म्हणे. पुरावा काडीचा नाही. मी जन्मभर इतिहास शिकवलाय, मला विचारा. पण संग्रहालय समजून पर्यटक थेट स्वयंपाकघरात घुसतात, तेव्हा एनिड अंडं खाता खाता त्यांना सांगते, "सकाळी उठून राणी म्हणाली, गारठा फार आहे. मीही रोज तेच म्हणते."

ती जन्मली इथेच, ऐंशीही इथेच ओलांडली. मागच्या हिवाळ्यात तिचा भाचा डेस्मंड तिला आठवडाभर स्वतःच्या नव्या बंगल्यात घेऊन गेला. तिथली जमीन सपाट. एनिड दोनदा आपटली.

"आत्या, तुझा तोल गेलाय. आता एकटीनं राहणं बंद. मी वृद्धाश्रम बघतो."

"तोल तुझ्या घराचा गेलाय," ती म्हणाली खरी. पण परत आल्यावर शेजारी माझ्याकडे येऊन बसली. मग म्हणाली, "नेऊन टाकतील गं मला."

मी म्हटलं, "रडगाणं पुरे. नर्सला घरी चहाला बोलाव. डेस्मंडलाही."

गावची नर्स थेल्मा वर आली, दोन पावलं चालली आणि टेबल धरून उभी राहिली. डेस्मंडनं खांबाला मिठी मारली होती. तेवढ्यात एनिड काठोकाठ भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन खोलीभर फिरली. बशीत थेंब सांडला नाही.

"डेस्मंड, आधी तुम्ही बसा," थेल्मा म्हणाली. "ह्यांना सपाट जागी नेलंत तर हाड मोडून घेतील."

"आणि इथे पडली तर?"

"पडले तर गडगडत कुठे जाईन ते मला ठाऊक आहे," एनिड म्हणाली. "तिथे उशी ठेवलीय."

थेल्मानं वाकून पाहिलं. होती उशी.

"राहू द्या ह्यांना इथेच," ती म्हणाली. डेस्मंड चहा न घेताच गेला. त्याचा कप मी प्याले.