रामनामाच्या वहीत लिहिलेला पिक्चर

मैत्रिणींनो,

आज दोन वस्तू घेतल्या: रामनाम लिहायची वही बारा आण्यांची आणि दुपारच्या पिक्चरचं तिकीट सव्वा रुपयाचं.

पिक्चर उद्या उतरणार. हॉलमध्ये आम्ही सातच जणी होतो. पण पिक्चरमधली शिवणकाम करणारी बाई मनातून जाईना, म्हणून घरी येताच तुम्हाला लिहायला बसले.

“काय लिहून राहिली वं? चहा मांड,” हे म्हणाले. मग सासूबाईंना काठी सापडेना. मग पुन्हा हे.

शेवटी रामनामाची वही घेऊन देवापुढे बसले. तर हेच सासूबाईंना म्हणतात, “हळू बोल वं माय, रामनाम लिहून राहिली ती!”

त्याच वहीत हे पत्र पुरं केलं. रामाची क्षमा मागितली, यांची नाही.

तुमच्या घरी काय सांगितल्यावर तासभर मिळतो? उलट टपाली कळवा.