वच्छलाच्या छपरावरची प्लेट

अहेरीतल्या रफीकच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं माश्याच बसत होत्या. म्हणून तो सोलरचे दिवे बसवायला शिकला आणि जंगलातल्या एका गावात पहिला संच चैतूच्या घरी बसवला. कवेलूंच्या छपरावर प्लेट, आत बॅटरी, दोन दिवे. हा नीट चालला तरच बाकीची घरं घेणार होती. रफीकचा पुढचा सगळा धंदा त्या दोन दिव्यांवर लोंबकळत होता, आणि दिवे जेवणं होईस्तोवरही टिकेनात.

दर बाजाराला चैतूची बायको वच्छला दुकानापुढे उभी राहून सगळ्यांदेखत म्हणायची, "रफीकभाऊ, तुमचा दिवा आमच्या आधी झोपते." लोक हसत. रफीक दुकान बंद करून संध्याकाळी सायकलवर जाई, अंधारात घरातल्या तारा चाचपी, बॅटरीत पाणी ओती. पुढच्या बाजाराला वच्छला हजरच.

शेवटी त्याची बायको सुरय्या म्हणाली, एकदा भर दुपारी जाऊन पाहा की. तिला यातलं काय कळतं, असं पुटपुटत तो गेला.

शिडी लावून त्याने वर डोकावलं. प्लेटवर लुगडं अंथरलेलं, त्यावर मोहफुलं पसरलेली. नीट मापून तिरपी बसवलेली प्लेट खाली दगड सारून आडवी केलेली.

"हे काय केलं, बाई?"

"खाली बकऱ्या खातेत. वर काच तापते, लवकर वाळते."

"अन् आडवी काऊन केली?"

"फुलं घसरत होती," वच्छला म्हणाली. जणू चूक बसवणाऱ्याचीच.

ऊन प्लेटला लागतं, तिच्यावर काही ठेवायचं नसतं, हे रफीकने घसा बसेपर्यंत समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. "मंग वरसभराचा मोह मी कुठी वाळवू?"

चरफडत त्याने बांबू तोडले आणि चैतूला हाताशी घेऊन प्लेटशेजारी मोहासाठी मचाण बांधलं. प्लेट पुन्हा तिरपी केली. त्या आठवड्यात दिवे टिकले.

पुढच्या बाजाराला वच्छला आली नाही. तिच्या गावचे जंगू आणि आणखी तिघे आले. रफीकने हुरूपाने प्लेट, बॅटरी पुढे मांडली. जंगूने तिकडे पाहिलंही नाही.

"थे तं घेऊच," तो म्हणाला. "पण चैतूकडे बांधलं तसं मचाण संग पाहिजे. नाई तं दिवा नको."

हातात रुतलेली बांबूची कूस चोळत रफीक हो म्हणाला. आत सुरय्या सुई शोधू लागली.