आईची ठुशी घट्ट का झाली?

मंडळी, आज आई सांगलीच्या दवाखान्यातून हसतच बाहेर आली!

दोन महिने तिची ठुशी गळ्याला घट्ट होत होती. दागिने ओवून देणाऱ्या हमीदभाईंशी ती दोनदा भांडली. "तुमी दोरी आखूड लावलीया!"

दुसऱ्यांदा त्यांनी तिला आधी चहा पाजला. घोटाबरोबर गळ्यात एक गाठ वर-खाली होताना त्यांना दिसली. "आवं वैनी, दोरी बरोबर हाय. डॉक्टरला गळा दाखवा."

थायरॉईडची गाठ निघाली. सोनोग्राफी झाली, सुई टाकून तपासणीही झाली. आज रिपोर्ट आला: गाठ साधी आहे, कॅन्सर नाही!

आईने पहिला फोन हमीदभाईंना लावला. "भाऊ, माझंच चुकलं."

हे वाक्य ऐकायला बाबा लग्नापासून थांबलेत. तुमच्याकडे कुणाची ठुशी घट्ट होत असेल, तर भांडण्याआधी गळा बघा.