धोंड्याच्या महिन्यातली ट्रान्सफर

फुटबॉलचा संघ बांधायला पैसा लागत नाही, लग्न झालेली बहीण लागते. हे मला कळायला चाळीस वर्षं लागली आणि सिद्ध करायला एक अधिक महिना.

दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात माझं कापूस-तुरीचं वावर आहे आणि मी फुटबॉलचा गाढा अभ्यासक आहे. (खेळाडू नव्हे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.) सातासमुद्रापलीकडच्या एका क्लबवर माझा जीव आहे. उन्हाळ्यात तिकडचा हंगाम संपला की खेळाडूंची अदलाबदल सुरू होते आणि इकडे मी हातातलं काम टाकून मोबाइल उचलतो. आमचा क्लब दर उन्हाळ्यात तीच चूक करतो. गोल मारणारे तिघे असताना चौथा आणतो आणि मागे बचावात भगदाड तसंच ठेवतो. घराला दार नाही आणि गच्चीवर चौथी टाकी, असला प्रकार. असं काही वाचलं की मी दिवसभर चिडचिड करतो.

"त्या क्लबवाल्याइले तुमचं नाव तरी माहीत हाय का?" माझी बायको वैशाली विचारते.

"नसलं म्हणून काय झालं? चूक ते चूकच न."

"मंग गोठ्याचं दार लावा. तेही उघडंच हाय."

माझा सिद्धांत सोपा आहे. संघ पाठीच्या कण्यावर उभा राहतो. मागे भरवशाचा गोलकीपर, त्याच्यापुढे एक दांडगा गडी, मधे एक डोकं आणि पुढे दोन पाय. बाकीचे कुठूनही येतात. हे व्याख्यान मी पारावर दिलं, जीपमध्ये दिलं, एकदा तेरवीच्या पंगतीत दिलं. पण सर्वांत जास्त वेळा दिलं ते सासुरवाडीला, कारण तिथे जावयाला मधे थांबवायची पद्धत नाही.

माझी सासुरवाडी नदीच्या पलीकडे, चालत अर्ध्या तासावर. तिथल्या टीमचे कारभारी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. इकडच्या टीमचा कारभारी मी. पूर्वी एका ड्रिलमास्तरांनी दोन्ही गावांना फुटबॉलचं वेड लावलं, तेव्हापासून मृगाआधी दोन गावांची एक मॅच होते. कप एकच आहे, पितळी, आणि तो सलग सहा वर्षं मामाजींच्या टीव्हीवर उभा होता. सासुरवाडीला गेलं की चहा पिताना तो नेमका माझ्या डोळ्यांसमोर यायचा. सासूबाई तो माझ्यासमोरच पुसायच्या.

औंदा मामाजींनी पैज लावली. हरलेल्या टीमच्या कारभाऱ्याने जिंकलेल्या टीमची जर्सी घालून दारव्ह्याच्या आठवडी बाजारात दिवसभर फिरायचं. मी भर पारावर 'लागली' म्हणून बसलो. विचार केला तो घरी आल्यावर. दारव्ह्याच्या बाजारात मला कोण ओळखत नाही? बियाणेवाला, न्हावी, मुलीचे सर, झाडून सगळे नातेवाईक. त्यांच्यासमोर सासऱ्याची पिवळी जर्सी घालून भेंडी निवडायची! त्यापेक्षा नदी उलटी वाहिलेली बरी.

आमच्या टीमची अवस्था मला पाठ होती. पोरं वर्षभर एका पडीक वावरात सराव करायची, मनापासून खेळायची, पण माझ्या अभ्यासू नजरेला त्यांच्यात दर्जा दिसत नव्हता. बाहेरून खेळाडू आणायला बंदी होती. फक्त गावात राहणाऱ्याने खेळायचं. आणि एक दिवस पंचांग चाळताना मला साक्षात्कार झाला. औंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात!

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि कपड्यांचा आहेर करायचा. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. एरवी फोन न उचलणारे जावईसुद्धा धोंड्याला हजर होतात. म्हणजे खेळाडू स्वखुशीने येणार, वर मुक्कामही करणार. जगातल्या कुठल्या क्लबला ही सोय आहे?

मॅचचे नियम ठरवायला दोन्ही गावांची बैठक झाली तेव्हा मी उभा राहिलो. "जवाई हा गावचाच असते," मी म्हणालो. "त्याले खेळू द्यायले पायजे. नाही म्हणणं म्हणजे जवायाचा अपमान हाय."

जावयाच्या अपमानाला कोण तयार होणार? पहिला हात मामाजींनी वर केला. वर म्हणाले, "बरोबर बोलले जवाईबुवा." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी मनात गोलकीपरची जागा भरत होतो.

ती भरली माझ्या सुनंदाताईच्या नवऱ्याने. भाऊजी मारेगावचे. कॉलेजात असताना गोलकीपर होते, असं त्यांनीच सांगितलेलं. आता त्यांचं पोट त्यांच्या आधी दारातून आत येतं, पण मी म्हटलं, गोल अडवायचा आहे, पळायचं कुठे आहे? मग मी गावभर फिरून कोणाची लेक कुठे दिली याची चौकशी केली. (दोन घरी लोकांना वाटलं मी स्थळ घेऊन आलो. एका घरी चहाबरोबर चिवडाही आला.) यवतमाळचा एक जावई चपळ निघाला, एक दांडगा निघाला, एक नुसताच उंच निघाला, तोही घेतला. बघता बघता सहा जावई जमले. सहा नारायण आणि गावची पाच पोरं, असा माझा संघ तयार झाला. बाकीची पोरं बाहेर बसली. त्यांनी तोंडं पाडली तेव्हा मी त्यांना कण्याचं व्याख्यान दिलं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट कळली. नारायणाला 'मागे पळा' म्हणता येत नाही. चेंडू गेला की जावई मंडळी थांबून बघायची आणि कोणीतरी आणून देईल अशी वाट पाहायची. नऊ नंबरच्या जर्सीवरून दोन जावई रुसले. मी दोघांनाही नऊ नंबर दिला. भाऊजींनी एकदा उडी मारली, मातीत पडले, आणि माझी आई घरातून धावत आली.

"जवायाले मातीत लोळवतं का रे?"

"आई, ते गोलकीपर हाय."

"असंन. आधी जवाई हाय न? कायले पापात पाडून राह्यला मले?"

त्या दिवसापासून भाऊजींनी उडी मारणं बंद केलं. ते दोन खांबांच्या मधोमध हात पसरून उभे राहायचे. पुष्कळशी जागा तशीच भरायची.

मॅचच्या सकाळी मामाजींचा निरोप आला. आजच दुपारी धोंड्याचं जेवायला या. वैशाली आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मॅच संध्याकाळी, तीही त्यांच्याच गावात. मी विचार केला, जेवून तिथूनच मैदानावर जाऊ. टीमची यादी मी सुनंदाताईच्या हातात दिली.

"एवढी टीम घेऊन ये. मी तिकडं हावोच."

"आन् इकडं सहाही जवायाइले आज दुपारीच धोंडे हाय, माहीत हाय का तुले?" ताई म्हणाली.

खरं सांगतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जावई गोळा करण्याच्या नादात ते कशासाठी येतात हेच मी विसरलो होतो.

सासुरवाडीला पाट, रांगोळी, समई, सगळा थाट होता. मी सात धोंडे खाल्ले. आठवा सासूबाईंनी 'माह्या हातचा' म्हणून वाढला, नववा मेहुणीने. मग ओवाळणी झाली आणि ताटातून आहेर पुढे आला. मी घडी उलगडली. पिवळीधमक जर्सी होती आणि पाठीवर नऊ नंबर.

"घालून दाखवा नं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

धोंड्याचा आहेर नाकारता येत नाही. मी जर्सी घातली. पोटावर ती अडकली ती अडकलीच.

मामाजी शांतपणे पान लावत म्हणाले, "यादीत तुमचं नाव टाकलं हाय. समोरच खेळा. गोल माराच्या जागेवर."

"मी? मामाजी, मी त तिकडचा कारभारी हावो."

"जवाई गावचाच असते. तुमीच म्हणलं होतं." त्यांनी पान तोंडात ठेवलं. "अकरा वर्षं तुमचं ऐकून राह्यलो. म्हटलं, एवढं समजणाऱ्या माणसाले खेळता त येतच असंन."

मी वैशालीकडे पाहिलं. ती दाराशी पदर तोंडात कोंबून उभी होती. "सांग नं त्याइले," मी म्हणालो.

"काय सांगू? मलेही घरी तुमी हेच सांगता, सगळं समजते म्हणून," ती म्हणाली.

संध्याकाळी मैदानावर दोन गावं लोटली होती. नदीच्या बाजूने आमची निळी टीम आली. पुढे गावची पोरं आणि मागे सहा जावई, डुलत डुलत, तुपाने जड झालेल्या पापण्यांनी. त्यांनी मला पिवळ्यात पाहिलं आणि सगळे जागच्या जागी थांबले. सुनंदाताई तेवढी म्हणाली, "वारे पठ्ठ्या. दुपारच्या जेवणात इकला गेला."

मॅच सुरू झाली आणि माझी पंचाईत झाली. चांगलं खेळावं तर माझं गाव हरतं आणि मला बाजारात फिरावं लागतं. वाईट खेळावं तर सासऱ्याचं नाव जातं. मी तटस्थ राहायचं ठरवलं. पण चेंडूला ते ठाऊक नव्हतं. एकदा तो सरळ माझ्या पायात आला, समोर फक्त भाऊजी. त्यांनी हात पसरले. मी पाय उचलला आणि नऊ धोंड्यांनी एकदम बाजू बदलली. चेंडू जागेवरच राहिला, मी मात्र गोलमध्ये गेलो.

"लागलं का बे?" भाऊजींनी विचारलं.

"पोटात कळ येऊन राह्यली."

"मले बी," भाऊजी म्हणाले, आणि आम्ही दोघं थोडा वेळ जाळीला धरून उभे राहिलो.

अर्धा वेळ संपला तेव्हा कोणाचाच गोल झाला नव्हता. एकीकडे सहा जावई झोपेत, दुसरीकडे मी. मामाजींनी मला बदलायचं ठरवलं. ते आत पाऊल टाकणार तोच सासूबाई उठल्या.

"धोंड्याच्या महिन्यात जवायाले बाहेर बसवता? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं आत्ताच काय म्हणून राह्यले, ते आयक न," मामाजी कळवळून म्हणाले.

पण बायका ऐकेनात. मी राहिलो. मामाजी डोक्याला हात लावून बसले, आणि त्यांच्या टीमला राहिलेला वेळ दहाच खेळाडूंनिशी काढावा लागला.

आमच्या बाजूला मात्र वेगळंच घडत होतं. सुनंदाताईने माझी यादी चुरगळून फेकली होती. "सगळे जवाई त्या लिंबाखाली बसा," ती म्हणाली. यवतमाळचा जावई म्हणाला, "ताई, आमचा मान?"

"मान दुपारी केला न? आता मॅच हाय."

जावयाला गावाने उठवलं तर अपमान, पण गावच्या लेकीने उठवलं तर मुकाट उठायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाच नारायण लिंबाखाली गेले आणि बसताक्षणी घोरू लागले. (भाऊजींना हलवणं शक्य नव्हतं, ते गोलमध्येच राहिले.) ज्यांच्यात मला दर्जा दिसत नव्हता ती वर्षभर राबलेली पोरं आत आली आणि असली पळाली की माझा ऊर भरून आला. पिवळ्या जर्सीच्या आत, पण भरून आला.

शेवटची काही मिनिटं उरली होती. आमच्या पोरांना कॉर्नर मिळाला. पिवळ्यांचा बचाव चुकीच्या जागी उभा होता. एखादा अभ्यासक हे कसं सहन करील? मी धावत मागे गेलो आणि त्यांच्या दांडग्या गड्याला हात धरून समजावू लागलो. "कणा आयकला का कधी? तू इथं उभा राह्य, म्हणजे..."

एवढ्यात माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी आदळलं. मी वळून पाहिलं. चेंडू जाळीत होता. पिवळ्यांच्या जाळीत.

पंचाने शिट्टी फुंकली. आणि मग त्या अख्ख्या मैदानावर एकच माणूस दोन्ही हात वर करून नाचला. तो पिवळ्या जर्सीत होता. सहा वर्षं, बाप्पा, सहा वर्षं! मला कशाचंच भान राहिलं नाही. सुनंदाताई धावत आली, पोरांनी मला उचललं, भाऊजींनी त्या दिवसातली पहिली उडी मारली. सासुरवाडीचे लोक आपल्या नऊ नंबरला शत्रू खांद्यावर नेताना पाहत होते.

कप आता आमच्या टीव्हीवर आहे. वैशाली तो पुसते, पण पुसताना माझ्याकडे बघून हसते.

मामाजी शब्दाला पक्के. पुढच्या बाजारच्या दिवशी ते धोतरावर आमची निळी जर्सी घालून दारव्ह्याला आले, ताठ मानेने. मी मागे पिशवी धरून. ज्याने त्याने विचारलं, "कसे काय हरले हो औंदा?" त्यांनी एकदाही पोरांना दोष दिला नाही. नुसतं माझ्याकडे बोट करायचे आणि पुढच्या दुकानाकडे वळायचे. विचारणाऱ्यांना तेवढ्याने सगळं समजत होतं.

जीप स्टँडवर निघताना ते थांबले.

"जवाईबुवा, पुढचा अधिक तीन वर्षांनी येईन न?"

"हो, मामाजी."

"माह्या पोरीले पाठवून देजा. तुमचे धोंडे मी जीपवाल्याच्या हाती पाठवतो." त्यांनी जर्सी खाली ओढली. "तुमी काही तरास घेऊ नोका."